पितळी नळ्यांची सरकती आरएफ लाइन: बेळगावच्या लेथवर घडवण्याची सविस्तर कृती

वरातीच्या बँडमध्ये एक लांब पितळी बाजा असतो. वाजवणारा त्याची यू आकाराची नळी पुढे-मागे सरकवतो आणि तेवढ्यानेच सूर बदलतो. आपल्याला बनवायची आहे ती वस्तू दिसायला तशीच. फक्त तिच्यातून हवा जात नाही, रेडिओ लहरींची (म्हणजे आरएफची) ऊर्जा जाते. आत एक दांडा, बाहेर एक नळी, मधे हवा, आणि हे सगळे लांब-आखूड करता येते. लांबी बदलली की लहर पोचायला लागणारा वेळ बदलतो, आणि त्याबरोबर फेज बदलते. फेज अंशांत मोजतात, एक पूर्ण तरंग म्हणजे ३६० अंश. दोन अँटेनांची जुळवणी करताना, बीम थोडा इकडे-तिकडे वळवताना किंवा एका दिशेचा गोंगाट दाबताना याहून साधे आणि भरवशाचे साधन मला सापडलेले नाही.

नळीत नळी घालून विजेचे संकेत वाहून नेण्याची कल्पना जुनी आहे. ऑलिव्हर हेविसाइड यांनी १८८० मध्ये इंग्लंडमध्ये तिचे पेटंट घेतले. लॉइड एस्पेन्शीड आणि हर्मन अ‍ॅफेल यांना १९३१ मध्ये अमेरिकेत कोअ‍ॅक्सियल केबलचे पेटंट मिळाले. सिद्धांत कुठल्याही पुस्तकात आहे. अडचण येते ती सरकण्याची, आणि ती विजेची कमी, फिटिंगची जास्त. म्हणून मला वाटते, बेळगावात बसून हे काम करणारा माणूस नशीबवान आहे. इथल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत हायड्रॉलिक सिलिंडर बनवणारे कारखाने आहेत. नळीच्या आत दुसरी नळी हलली पाहिजे, डुलता कामा नये, आत पाणी-धूळ जाता कामा नये, हे तिथल्या टर्नरचे रोजचे काम. पहिल्यांदा चित्र घेऊन गेलो तेव्हा मिस्त्रींनी अँटेना, फ्रिक्वेन्सी काही विचारले नाही. म्हणाले, "सरकायला पायजे म्हणताय ते खरं ओ सर, पण किती ढिल्ली ते सांगा की आदी." तोच खरा प्रश्न होता.

आकडे आधी, पितळ नंतर

अशा लाइनचा इम्पिडन्स, म्हणजे तिच्यातल्या लहरीचे व्होल्टेज भागिले प्रवाह, दोनच मापांवर ठरतो: बाहेरच्या नळीचा आतला व्यास आणि आतल्या दांड्याचा बाहेरचा व्यास. मोठ्याला लहानाने भागा, त्याचा दहाच्या पायाचा लॉग घ्या, १३८ ने गुणा. मधे हवा असेल तर आलेला आकडा ओहममध्ये. ५० ओहमसाठी हा भागाकार २.३ यावा लागतो, ७५ साठी जवळपास ३.५.

मग किती सरकायला हवे? मी हौशी रेडिओचे दोन पट्टे वापरतो, १४५ आणि ४३५ मेगाहर्ट्झच्या आसपासचे. १४५ ची तरंगलांबी २०६७ मिमी, ४३५ ची ६८९ मिमी. यू आकारात मोठा फायदा असा की नळी १ मिमी ओढली तर लाइन २ मिमी वाढते, कारण दोन्ही पाय एकदम वाढतात. म्हणून २६० मिमी सरक ठेवली तर १४५ वर पूर्ण पाव तरंगलांबी हाती येते आणि ४३५ वर पाऊण. त्यातही एक गंमत आहे: ४३५ वर १ मिमी सरक म्हणजे जवळजवळ नेमका १ अंश फेज, १४५ वर एक तृतीयांशाहून जरासा जास्त. साधी स्टीलची पट्टी चिकटवली की तीच फेजची मोजपट्टी झाली. म्हणूनच सरकवायला मी एम-६ चा थ्रेडेड रॉड वापरतो. त्याचा पिच १ मिमी, एक फेरा म्हणजे ४३५ वर एक अंश.

माझ्या नळ्यांची मापे देतो. स्थिर बाहेरची नळी २५.४ मिमी बाहेरच्या व्यासाची, भिंत १.६ मिमी. आतून रीमर मारून आणि होनिंग करून आतला व्यास २२.५ वर आणलेला. सरकती बाहेरची नळी २२.२ मिमी, भिंत ०.५५, म्हणजे आतून २१.१. स्थिर आतली नळी ९.५ मिमी, भिंत ०.४५. सरकता आतला दांडा ८.५५ मिमी, तो त्या ९.५ च्या नळीच्या आत शिरतो. ९ चा पितळी रॉड घेऊन ग्राइंडिंगने कमी करून घ्या. ८ चा रॉड दुकानात तयार मिळतो, मोह होतो, पण मग त्या भागाचा इम्पिडन्स ५८ ओहमवर जातो.

आता प्रामाणिकपणे एक गोष्ट. सरकत्या लाइनमध्ये सगळीकडे अचूक ५० ओहम मिळत नाहीत. नळीच्या भिंतीला जाडी असते. या मापांत फक्त स्थिर नळ्यांचा भाग ५१.७ ओहम येतो, दोन्ही जोड्या एकमेकांवर चढलेल्या असतात तो भाग ४७.९ आणि पुढचा सरकता भाग ५४ च्या आसपास. ५० च्या दोन्ही बाजूंना चूक वाटून घ्यायची, एवढेच करता येते. बाहेरची सरकती नळी जितकी पातळ तितकी ही पायरी लहान, म्हणून ०.५५ चा हट्ट. एका पायाने ४३५ वर वाईटात वाईट जागी एसडब्ल्यूआर (लहर किती परत फिरते याचे माप, १ म्हणजे काहीच परत नाही) १.२ च्या आसपास येतो, दोन्ही पायांच्या चुका एकत्र आल्या तर १.४ च्या घरात. जुळवणीच्या साधनाला हे चालते. प्रयोगशाळेतल्या प्रमाण मापासाठी ही लाइन नाही.

नळी विकत घेताना खिशात चुंबक ठेवा. पितळेसारखे चमकणारे पडद्याचे पाइप बहुतेक वेळा लोखंडावर मुलामा दिलेले असतात. आरएफ प्रवाह फक्त वरच्या कातडीतून वाहतो. तांब्यात १४५ वर ही कातडी साडेपाच मायक्रॉन, ४३५ वर तीन मायक्रॉनच्या थोडी वर, पितळेत साधारण दुप्पट. त्यामुळे प्रवाह वाहण्यापुरते नळी जाड की पातळ याला महत्त्व नाही, वरचा थर कशाचा याला आहे. निकेल आणि क्रोमचा मुलामा नको. चांदीचा मुलामा सात-आठ मायक्रॉनचा मिळाला तर सोन्याहून पिवळे, पण नसला तरी काम अडत नाही. मी पहिल्या लाइनला दिला नव्हता.

स्पर्श कुठे व्हावा

इथे थांबून वाचा, कारण माझी पहिली लाइन इथेच फसली.

सरळ डोक्याने विचार केला तर वाटते, बाहेरच्या जाड नळीच्या तोंडाला काप द्यावेत, वरून होज क्लिप आवळावी, आतली नळी घट्ट धरली जाईल, झाला संपर्क. मी तेच केले. मल्टिमीटरवर शून्य ओहम, १४५ वर सगळे सुरळीत. ४३५ वर मात्र पट्टीवर १३३ च्या आसपास आलो की लाइन मरायची. पुढे-मागे केली की जिवंत. दोन रविवार मी सोल्डर तपासत बसलो.

कारण असे. लहर आतून येते. ती जाड नळीच्या आतल्या अंगावरून चालत सरकत्या नळीच्या कडेपाशी पोचते. तिथे दोन नळ्यांमध्ये ०.१५ मिमीची फट आहे. संपर्क जर लांब तोंडापाशी असेल तर ती फट स्वतःच एक लाइन बनते, टोकाला शॉर्ट केलेली, मुख्य लाइनच्या मालिकेत बसलेली. या फटीचा इम्पिडन्स ०.८ ओहम, म्हणून एरवी तिचा उपद्रव कळत नाही. पण तिची लांबी पाव तरंग झाली की शॉर्टचे ओपन होते आणि वाट बंद. ४३५ ची पाव तरंग १७२ मिमी. माझी स्थिर नळी ३२० मिमी, सरकतीची कड पट्टीच्या शून्यावर १५ मिमीवर. पट्टीवर १३३ म्हणजे कड १४८ वर, आणि ३२० वजा १४८ बरोबर १७२. आकडा जुळला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

म्हणून नियम: स्पर्श नेहमी लहरीच्या समोर येणाऱ्या कडेवरच व्हायला हवा. बाहेरच्या जोडीत सरकत्या नळीच्या आतल्या टोकाला बोटे हवीत, बाहेरच्या बाजूला दाबणारी. आतल्या जोडीत स्थिर नळीच्या पुढच्या टोकाला बोटे हवीत, दांड्यावर आत दाबणारी. जाड नळीच्या तोंडाशी धातूचा संपर्क लागतच नाही. तिथे नायलॉनचा बुश चालतो, आणि तो असलेला बरा.

बोटे कापण्याची पद्धत. सरकत्या नळीच्या टोकात घट्ट बसणारा लाकडी गोल ठोकळा घाला, नाहीतर पातळ पितळ दबते. बारीक स्लिटिंग कटरने आठ काप घ्या, प्रत्येक २० मिमी लांब, अर्धा मिमी रुंद. ठोकळा काढा, आतली-बाहेरची बर (कापताना उठलेली धारदार कड) काढा, कडा बारीक पॉलिश पेपरने गोल करा. मग मँड्रेल, म्हणजे निमुळता दांडा, हलकेच दाबून बोटे बाहेर पसरवा, टोकाचा व्यास २२.८ च्या आसपास येईपर्यंत. आतल्या ९.५ च्या नळीला चार काप पुरतात. तिथे बोटे नखाच्या जोराने आत दाबा आणि दांडा घालून पाहा. सरकताना एकसारखा हलका विरोध जाणवला पाहिजे, खरखर नको.

या बोटांना उष्णता लागू देऊ नका. पितळेचा ताठपणा ओढून काढताना आलेला असतो, बर्नर लागला की ते मऊ पडते आणि एकदा दबलेले बोट परत येत नाही. सोल्डरचे काम सगळे दुसऱ्या टोकाला आणि बोटे कापण्याआधी. फॉस्फर ब्राँझची नळी मिळाली तर ती उत्तम. बेरिलियम कॉपर स्प्रिंगला आणखी चांगले असते, पण त्याची धूळ फुप्फुसांना घातक आहे. ते घरी कापू किंवा घासू नका.

लांब्या आणि आतले मणी

सगळी अंतरे कनेक्टरच्या प्लेटपासून. स्थिर बाहेरची नळी ३२० मिमी, स्थिर आतली ३१५. सरकती बाहेरची ३४० मिमी कापा, सरकता दांडा यू ठोकळ्यात (दोन पाय जोडणारा ठोकळा, पुढे येतो) शिरणारा भाग सोडून ३३५. पूर्ण आत असताना सरकत्या नळीची कड १५ वर, पूर्ण बाहेर असताना २७५ वर. म्हणजे बाहेरच्या जोडीत किमान ४५ मिमी आणि आतल्या जोडीत किमान ३५ मिमी पकड राहते. यापेक्षा कमी केलीत तर टोकाला डुलायला लागते.

आतली नळी एका टोकाला कनेक्टरवर, दुसरे टोक अधांतरी. तिला मधोमध धरायला टेफ्लॉनचा एक मणी लागतो. तो २८५ ते २९० च्या दरम्यान बसवा, बोटांच्या कापांच्या मागे, म्हणजे तो कायम सरकत्या नळीच्या आतच राहील. मण्याचा बाहेरचा व्यास २०.९, जाडी ४ मिमी, भोवती चार भोके पाडून हलका केलेला. भोक नळीपेक्षा ०.१ ने लहान ठेवून दाबून बसवा. टेफ्लॉनला काही चिकटत नाही, तेव्हा मण्याच्या दोन्ही बाजूंना नळीवर अराल्डाइटची बारीक कडी करा, तीच त्याला अडवते.

यू ठोकळा आणि कनेक्टर

गोल नळी वाकवून यू करायच्या भानगडीत पडू नका, आतला दांडा मध्यावर राहत नाही. पितळेचा ठोकळा घ्या, त्यात मिलिंगवर १८.५ मिमी रुंद आणि तेवढीच खोल चौकोनी खाच काढा, वरून झाकण स्क्रूने आवळा. चौकोनी खाचेत गोल दांडा असेल तर हिशोब थोडा बदलतो: खाचेच्या रुंदीला १.०८ ने गुणून मग भागाकार घ्यायचा. १८.५ च्या खाचेत ८.५५ चा दांडा म्हणजे जवळपास ५१ ओहम. दोन पायांच्या मध्यांत ५० मिमी अंतर ठेवा. दोन दांडे आणि आडवा दांडा एम-४ स्क्रूने जोडा, कोपऱ्याची बाहेरची धार ४५ अंशात तासा. झाकणाला खालून पातळ तांब्याची जाळी किंवा पत्रा दिला तर फट उरत नाही.

कनेक्टर एन टाइपचे, चार भोकांच्या फ्लँजचे. पीएल-२५९ जातीचे वापरू नका, ४३५ वर त्यांचाच धक्का लाइनपेक्षा मोठा असतो. कनेक्टरच्या पिनेपासून ९.५ च्या नळीपर्यंत पितळेचा शंकूसारखा गट्टू खरादून घ्या आणि प्लेटमधले भोकही तसेच निमुळते करा. दोघांचा भागाकार वाटेत कायम २.३ राहील असे पाहा. गट्टूचा नळीत जाणारा भाग १५ मिमी ठेवला की दांड्याचे टोक त्याला आपटत नाही.

जोडणी करताना आधी दोन्ही स्थिर नळ्या प्लेटवर सोल्डर करा, तेव्हा त्या समांतर धरायला २२.५ चे दोन टर्न केलेले दांडे जिग म्हणून आत घाला. समांतरता बिघडली की सरकणे संपले. माझ्या दुसऱ्या लाइनमध्ये ३०० मिमीत अर्ध्या मिमीचा फरक पडला होता, आणि शेवटच्या ४० मिमीत ती इतकी अडायची की स्क्रू फिरवताना फ्रेम वाकायची. एम-६ चा रॉड दोन पायांच्या बरोबर मधून जाऊ द्या, बाजूने नको.

पावसाची तयारी

खानापूर-जांबोटीकडचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला सांगायला नको. चार महिने कपडे वाळत नाहीत तिथे पितळ कोरडे कसे राहील? पावसाच्या थेंबाचा त्रास कमी, दमट हवेचा जास्त. रात्री गार झाल्यावर नळीच्या आत दव धरते आणि बोटांवर हिरवट थर चढतो. मिस्त्रींनीच उपाय काढला: हायड्रॉलिक सिलिंडरच्या दांड्यावर बसते तसले वायपर सील जाड नळीच्या तोंडाला, नायलॉन बुशच्या पुढे. नळी आत जाताना पुसली जाते. यू ठोकळ्याच्या झाकणाला बारीक भोक पाडून त्याला सिलिका जेलची छोटी डबी जोडा. भोक नसेल तर नळी ओढताना आत पोकळी होते आणि सीलमधूनच दमट हवा ओढली जाते.

बोटांना ग्रीस लावू नका. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडी ठेवा.

तपासणी

आधी मल्टिमीटर. आतला आणि बाहेरचा यांत शॉर्ट नको, आणि नळी हलवताना दोन टोकांमधला रोध उड्या मारता कामा नये. मग नॅनोव्हीएनए, म्हणजे लहर किती परत येते आणि किती पलीकडे जाते ते मोजणारे हातातले यंत्र. दुसऱ्या टोकाला ५० ओहमचा लोड लावून एस-११ (परत आलेली लहर) पाहा, पट्टीवर दर १० मिमीला थांबत. एखाद्या जागी अचानक उसळी आली तर स्पर्शाची चूक आहे, वर सांगितलेली फट आठवा. मग दोन्ही टोके यंत्राला जोडून एस-२१ ची (पलीकडे पोचलेल्या लहरीची) फेज घ्या. दर १० मिमीला १४५ वर साधारण साडेतीन अंश आणि ४३५ वर साडेदहा अंश बदल यायला हवा. आलेख कागदावर काढा. मणी आणि पायऱ्यांमुळे किंचित लाट दिसते, पण रेषा तुटलेली दिसता कामा नये.

ट्रान्समिट करताना नळी हलवू नका. ५० वॅटला जुळलेल्या लाइनमध्ये प्रवाह फक्त १ अँपिअर असतो आणि साडेसहा मिमीच्या हवेच्या अंतराला त्या व्होल्टेजचे काही वाटत नाही, पण बोट क्षणभर सुटले तरी ठिणगी पडते आणि तिथे कायमचा खड्डा होतो. बटण सोडा, फिरवा, मग बोला. आणि हवेत सिग्नल सोडायला हौशी रेडिओचा परवाना हवाच. आपल्याकडे १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ हे पट्टे त्यासाठी आहेत. परवाना नसेल तर तोवर फक्त ऐकण्यासाठी जुळवणी करता येते, आणि त्यातही पुष्कळ शिकायला मिळते.

वापर: कोल्हापूर की थोडे पश्चिमेला

माझा रोजचा उपयोग असा. गच्चीवर दोन यागी (एका दिशेने रोखलेल्या आडव्या काड्यांच्या अँटेना) शेजारी शेजारी, मध्ये दीड मीटर, तोंडे उत्तरेला किंचित पश्चिमेकडे, म्हणजे संकेश्वर-निपाणी-कोल्हापूरच्या रेषेत. सिग्नल वाटून देणाऱ्या स्प्लिटरमधून दोन वाटा. पश्चिमेकडच्या अँटेनाच्या वाटेत सरकती लाइन, पूर्वेकडच्या वाटेत तेवढीच केबल. लाइन पट्टीच्या मध्यावर, १३० मिमीवर ठेवली की ती साधारण १०२० मिमी हवेएवढी असते. आरजी-२१३ केबलमध्ये लहर हवेतल्या वेगाच्या ०.६६ पट वेगानेच चालते, म्हणून केबल ६७३ मिमीच्या आसपास कापा, पण आधी थोडी लांब कापून नॅनोव्हीएनएवर फेज जुळेपर्यंत छाटा. कनेक्टरची लांबीही त्यात धरली जाते.

आता लाइन लांब केली की पश्चिमेकडच्या अँटेनाला सिग्नल उशिरा पोचतो आणि बीम त्याच बाजूला झुकतो. दीड मीटर अंतरात १४५ वर १० अंश बीम वळवायला ४५ अंश फेज लागते, म्हणजे पट्टीवर १३० मिमी. मध्यापासून दोन्ही बाजूंना नेमके तेवढेच आपल्याकडे आहे. रोटेटर न फिरवता, गच्चीवर न चढता, खोलीत बसून दहा अंश इकडे आणि दहा तिकडे. कोल्हापूरचा मित्र बोलत असताना मी ऐकत ऐकत हँडल फिरवतो आणि त्याचा आवाज गोंगाटातून वर येताना कानाला कळते.

गोंगाट दाबायचा असेल तर उलट करायचे. पावसाळ्यात आमच्या मागच्या विजेच्या खांबावर ओले इन्सुलेटर तडतडतात. एका वाटेत अर्धतरंगाची केबल, १४५ साठी ६८२ मिमी, जास्तीची जोडली आणि लाइन हळूहळू फिरवली की त्या दिशेचा तडतडाट एका जागी एकदम खाली बसतो. ती जागा मिलिमीटरभरच रुंद असते. तिथे पट्टीवर पेन्सिलने खूण करून ठेवा. माझ्या पट्टीवर अशा खुणा पाच आहेत, प्रत्येकीशेजारी तारीख, कारण दर पावसाळ्यात खांब तोच असला तरी खूण दोन-तीन मिमी सरकते.

दर दिवाळीला, पाऊस ओसरल्यावर, सील काढून नळ्या बाहेर ओढा. बोटांवर हिरवटपणा असेल तर चिंचेच्या पाण्याने नको, आम्ल कापांत राहते. मऊ कापड आणि अल्कोहोल पुरे. बोटांचा व्यास कॅलिपरने पुन्हा मोजा. २२.६ च्या खाली आला असेल तर मँड्रेल परत हलकेच दाबा, आणि सिलिका जेल तव्यावर भाजून डबीत घाला.